आत्याचा मुका टीव्ही

निरोप घेऊन आलेला माणूस आमच्या अंगणात उभा होता आणि आई देत असलेलं पाणी नको म्हणत होता. तो अजून एक शब्दही बोलला नव्हता, पण मला कळलं. एवढ्या उन्हात सिंदी मेघेहून हिंगणीला आलेला माणूस पाणी उगाच नाकारत नाही... शकूआत्या गेली होती. सकाळी चहा ठेवला, छातीत कळ आली आणि चुलीजवळच बसली, ती उठलीच नाही. आईनं टाहो फोडला. बाबांनी खुंटीवरची टोपी काढली, परत खुंटीला अडकवली आणि परत काढली. शकूआत्या त्यांची धाकटी बहीण. एसटीत ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसले आणि सेलू गेल्यावर एवढंच बोलले, "आता तुह्या राह्यन्याचं कसं करावं, माय?" कारण मी कॉलेजसाठी सिंदी मेघेला आत्याच्याच घरी राहत होते; सुटी म्हणून तेवढी हिंगणीला आले होते.

मी लेखिका नाही. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. हा लेख पाठवावा की नाही, हेही ठरत नव्हतं. पण पाण्याचा पेला आणि टोपी यांच्याकडे पाहायला मला ज्या बाईनं शिकवलं, तिच्याबद्दल मीच लिहायला हवं असं वाटलं.

मी पहिल्या वर्षाला आले त्याच्या थोडं आधी आत्याच्या घरी टीव्ही आला होता. आत्याच्या नवऱ्याला आम्ही मामाजी म्हणतो. ते सरकारी कचेरीत कारकून, जपून राहणारे. महिनाभरात एकदा व्होल्टेज असं काही वाढलं की टीव्हीचा आवाजच गेला. चित्र मात्र शाबूत. दुरुस्तीवाला म्हणाला, नागपूरहून सामान यावं लागेल. ते येईपर्यंत दसरा होऊन दिवाळी आली. रविवारी सकाळी जुन्या काळच्या एका संस्थानाची हिंदी मालिका लागायची. राणी, दिवाण, गादीसाठी टपलेले पुतणे. गल्लीतल्या बाया पोळ्या आटोपून आत्याच्या घरी जमायच्या. आवाज नाही म्हटल्यावर आत्या भिंतीला टेकून बसायची आणि चित्र पाहून गोष्ट सांगायची.

ती नुसती अंदाजानं सांगत नसे. पाहून सांगायची. "पाहा बाई, पहिले सारा महाल दाखवला, मंग दरवाजा, मंग कडीवरचा हात. तोंड अजून दाखवलं नाई. म्हनजे येनारा भिऊन राह्यला." आणि खरोखर, दार उघडून येणारा नोकर घाबरलेलाच निघायचा. एकदा राजाचा पलंग दाखवला, त्यावर कोणी नाही, फक्त उशीवर खळगा. आत्या हळूच म्हणाली, "गेला बिचारा." कोणाचं रडणं नाही, प्रेत नाही. शेजारच्या कांताकाकूंनी डोळ्याला पदर लावला. "तुले कसं समजलं वं शकू?" "त्याईनं आपल्याले उशीजवळ थांबवलं ना इतका वेळ! बिनाकामाचं थांबवतीन काय?" मी कोपऱ्यात बसून हे ऐकायचे. पुढे काय होणार, यापेक्षा चित्र कुठे थांबतं तिकडे लक्ष द्यायला मी त्या दिवसांत शिकले.

मालिकेत एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा होता. तो राणीच्या डोळ्यांत कधी पाहत नसे. बोलताना नजर तिच्या पायांशी. आत्यानं ठरवून टाकलं की हा राणीचा बाप. असल्या घरात लेक दिली म्हणून लाज वाटून राह्यली त्याले. झालं, सगळी गल्ली त्या म्हाताऱ्यासाठी हळहळायला लागली. कांताकाकू तर त्याच्या नावानं उसासे टाकायच्या. मग दिवाळीनंतर सामान आलं, आवाज सुरू झाला, आणि पहिल्याच रविवारी कळलं की तो बाप नव्हे, दिवाण. राजाला विष त्यानंच दिलेलं! मग कांताकाकू ठामपणे म्हणाल्या, "टीव्हीच चुकून राह्यला. आवाज दुसऱ्याच कोनाचा बसवून गेला तो मिस्त्री." आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. नंतर भांडी घासताना मला म्हणाली, "नातं चुकलं माह्यं. पन त्याले लाज होती, ते तं बरोबर होतं ना?"

याच सुमारास माझं कॉलेज सुटण्याच्या बेतात होतं. स्नेहसंमेलनाच्या नाटकासाठी मी नाव दिलं होतं. दोन वाक्यं वाचली तोच मागून कोणीतरी माझी नक्कल केली आणि हॉल हसला. नाटक बसवणारे सर वाईट नव्हते, पण "तुझे उच्चार बसायला वेळ लागेल" म्हणाले. त्यानंतर वर्गात माझं तोंडच उघडेना. हजेरीलाही मी नुसता हात वर करायचे. शेवटी एके दिवशी पिशवी भरली आणि आत्याला सांगितलं की मी हिंगणीला जाते, परत येणार नाही. ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "बोलता येत नाई तं नको बोलू. मुकं नाटक कर. आपन तीन महिने बिनाआवाजाचं पाह्यलं, काही अडलं काय?" मग विचारलं, "कॉलेजात नाव घातलं त्या दिवसाचं काय ध्यानात हाये? तोंडं नको सांगू. वस्तू सांग."

मी म्हटलं, चपला.

बाबांनी ऑफिसच्या दाराबाहेर चपला काढल्या होत्या, देवळाबाहेर काढतात तशा. इतर सगळे बूट घालून आत-बाहेर करत होते. आम्ही बाहेर आलो तेव्हा एक चप्पल लोकांच्या पायांनी पार जिन्यापाशी गेली होती. बाबांनी ती आणली, झटकली आणि पायात घातली... एवढंच. आत्या म्हणाली, "झालं तुह्यं नाटक."

मी चार मैत्रिणी गोळा केल्या. बाबा झाले मीच. अंगणात तालीम झाली तेव्हा मी चप्पल उचलून डोळे पुसले. आत्यानं तिथंच थांबवलं. "तूच रडली तं लोकाईनं काय करावं? त्याईच्यासाठी काही ठेवजो." मग ती स्वतः उठली, चप्पल एका बाजूला सरकवली आणि म्हणाली, "पहिले हे एकटी पडलेली दिसू दे. लोकाईले पाहू दे. मंग ये तू."

संमेलनाला आत्या सगळी गल्ली घेऊन आली. पुढच्या रांगेत कांताकाकूंनी सवयीनं मोठ्यानं विचारलं, "हा कोन होय वं शकू?" मला रंगमंचावर ऐकू आलं. आत्यानं त्यांच्या मांडीवर हात ठेवला. दर रविवारी सांगणारी आत्या त्या दिवशी गप्प राहिली. चप्पल एकटी पडलेली होती आणि हॉलमध्ये आवाज नव्हता. मी ती उचलली, झटकली, पायात घातली. पडदा पडल्यावर सरांनी मला पुढे बोलावून विचारलं, हे कुठून सुचलं? मी माईकसमोर उभी राहिले आणि माझ्या बोलीतच म्हटलं, "माह्या बाबाच्या चपला होय त्या." कोणी हसलं नाही. पिशवी मी त्याच संध्याकाळी रिकामी केली.

सुतक फिटल्यावर मामाजींनी घराला स्वतःच चुना लावायला घेतला. त्यांच्या म्हाताऱ्या आईनं, आमच्या आजीनं, नको म्हटलं, तरी ऐकलं नाही. बाबा मला न्यायला आले त्या दिवशी बैठकीच्या तिन्ही भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या. चौथ्या भिंतीवर, टीव्हीच्या समोर, जमिनीपासून दोन हात उंचीवर, तेलाचा एक गोल डाग तसाच होता. आत्या डोकं टेकवून बसायची तिथला. मामाजींनी त्याच्या भोवतीनं ब्रश फिरवला होता, नीट, काठ न बिघडवता. बाबा त्या डागाकडे पाहत उभे राहिले. मामाजी बादलीत ब्रश धूत राहिले.

मग बाबांनी मला विचारलं, "चालतं ना मंग घरी?"

"नाई बाबा," मी म्हटलं. "मी इथंच राह्यतो. आजी हाये, मामाजी हायेत. परीक्षा देतो अन् मंग येतो."

बाबांनी मान हलवली आणि खाली बसले. त्या भिंतीपासून थोडे बाजूला, डागाची जागा सोडून.