चकवा हा शब्द अंतराळात कसा गेला

विसरलात ना?

विसरणारच. बायकोचा वाढदिवससुद्धा मोबाईल सांगतो तेव्हा कळतो तुम्हाला.

आज आमच्या अनंतभावोजींना जाऊन वर्ष झालं. माझे धाकटे दीर. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत फिटर, आणि दिवाळी अंकांत अंतराळाच्या गोष्टी लिहिणारे.

मला अक्षर ओळखता येत नाही. मी बोलतेय, सूनबाई टाईप करतेय. चुका तिच्या, टोमणे माझे.

भावोजींची लिहायची एक पद्धत होती. रविवारी मी कोलंबी सोलायला बसले की हे समोर पाट घेऊन हजर. गोष्ट मोठ्याने वाचायचे आणि एक डोळा माझ्या हातांवर.

माझा हात थांबला की शब्द खोडायचा.

एकदा वाचलं, "अंतराळ-पोशाख."

हात थांबला.

"काय झाला, वयनी?"

"पोशाख घालून लग्नाला जातात. बाहेर मरण पडतंय म्हणता ना? मग इरलं म्हणा."

गावी भातलावणीला डोक्यावरून पाठीवर घेतात ते पानांचं इरलं. भावोजी हसले, पण लिहिलं. त्यांच्या गोष्टीत माणसं चंद्रावर इरली घालून उतरली.

यंत्रमानवाचा तसाच लोखंडी गडी झाला.

सगळं माझंच ऐकलं असं नाही हं. यानाला होडी म्हणा म्हटलं, तर म्हणाले, "लोक जाळी घेऊन येतील गो."

आणि प्रकाशवर्ष. तो पुस्तकातला शब्द, पण माझा हात थांबला नाही. ऐकायला छान वाटला.

मग आली ती वर्महोलची भानगड. यान एका भोकात शिरतं, कुठे निघेल भरवसा नाही. भावोजींना शब्द सापडेना.

म्हटलं, "त्यात काय एवढं. चकवा."

रानात रोजच्या वाटेवर माणूस गोल गोल फिरतो, घर समोर असून सापडत नाही, तो चकवा.

"आणि सुटायचं कसं त्यातून?"

"धावायचं नाही. असू तिथे बसायचं, शिदोरी सोडायची, उजाडायची वाट बघायची."

त्या दिवाळीत यानातल्या माणसांनी तेच केलं. अंतराळात कसलं उजाडतंय, पण वाचकांनी चालवून घेतलं.

रिटायर झाल्यावर भावोजींचे शब्द जायला लागले.

आधी भाजीचं नाव. मग शेजाऱ्याचं. मग मुलाचं.

एका सकाळी दूध आणायला गेले ते आलेच नाहीत. आमच्याकडे घरं सगळी एकसारखी, शहाण्याचाही सेक्टर चुकतो. त्यांचा मुलगा बाईकवरून शोधतोय, फोनवर फोन, सगळ्यांची वाट लागलेली.

मला सापडले. मागच्या सेक्टरात, कुणाच्यातरी पायरीवर. दुधाची पिशवी मांडीवर, बिस्किटाचा पुडा फोडलेला.

"वयनी," म्हणाले, "चकवो लागलो. बसलंय."

मीही शेजारी बसले. एक बिस्कीट घेतलं.

त्यानंतर दर रविवारी मीच त्यांना त्यांच्या गोष्टी सांगायला लागले. वाचता येत नाही, पण ऐकलेलं पाठ होतं. कोलंबी त्यांच्या हातात दिली. माझं काही चुकलं की त्यांचा हात थांबायचा. बरोबर काय ते सांगता यायचं नाही, पण चूक कळायची.

शेवटी शेवटी हात थांबेनासा झाला.

मी मुद्दाम चुकीचं सांगून बघायची.

आता माझीही आठवण पातळ झालीय. लोखंडी गड्याच्या गोष्टीचा शेवट आठवत नाही. मालक म्हातारा होतो, गड्याला म्हणतो, जा, तू मोकळा. पुढे तो जातो की राहतो? घरातले अंक गळतीत भिजले, त्यांचा लगदा झाला.

तुमच्यापैकी कुणाच्यातरी माळ्यावर जुने दिवाळी अंक असतील. शोधा जरा. सापडला तर घरी या आणि मला तो शेवट वाचून दाखवा. फोटो काढून पाठवू नका, मला त्याचा काय उपयोग.

भावोजी, तुम्ही धाकटे, तरी आज वहिनीचा नमस्कार घ्या.

आणि ज्यांना यायला जमणार नाही, त्यांनी शिरवाळे पाठवा, आमच्या तांदळाच्या शेवया. नारळाचा रस वेगळ्या डब्यात. गूळ बेताने घाला, मला डॉक्टरने गोड बंद केलंय, म्हणून दोनच खाईन.