दादांची खुर्ची आणि एकशे दहा हॉर्सपॉवर

आधी चहा हातात घ्या. हा किस्सा ऐकताना तुम्ही मला हसणार हे नक्की, आणि हातात भरलेला कप असला की माणूस जरा बेतानं हसतो. पनवेलात कुणी नवी मोटार घेतली की अजूनही मला विचारतात, "काय दिनूभाऊ, किती हॉर्सपॉवर?" आणि बाजूचे खाली बघतात. ते का बघतात, ते एकदा माझ्याच तोंडून ऐका. लोक सांगतात तेव्हा मीठमसाला फार घालतात.

साठ साल उजाडायच्या आधीची गोष्ट. पळस्प्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं आणि डेव्हिडचं गॅरेज होतं. डेव्हिड इस्राएल आळीतला, म्हणजे आपल्याकडच्या ज्यू लोकांच्या वस्तीतला, माझा शाळेपासूनचा सोबती. मी बोलायचो आणि तो काम करायचा, अशी आमची वाटणी होती. गिऱ्हाईक माझ्या बोलण्याला भुलून यायचं आणि डेव्हिडच्या कामामुळे परत यायचं. हे मला तेव्हाही कळत होतं, पण मी ते बोलून दाखवत नव्हतो.

तर मुंबईचे एक हौशी शेठ होते. विमानाच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती व्हायच्या, त्यात त्यांना भाग घ्यायचा होता. लढाईनंतर भंगारात निघालेलं जीपचं एक इंजिन त्यांनी आमच्याकडे आणून टाकलं आणि म्हणाले, याचं शर्यतीचं इंजिन करून द्या. मी तिथल्या तिथे ऐंशी हॉर्सपॉवर कबूल केले. डेव्हिडनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग पावसाळाभर तो त्या इंजिनावर वाकलेला होता. हेड घासलं, नवे पिस्टन बसवले, एकाच्या जागी दोन कार्बुरेटर लावले. मी बाहेर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो की आम्ही काय करतोय.

आता यात गंमत कुठली, असं वाटेल. गंमत नव्हतीच. डेव्हिडचे थोरले भाऊ, सॅम्युएलदादा, सगळं घर घेऊन इस्राएलला निघाले होते. दादा मुंबईत सरकारी कचेरीत हिशेब तपासायचे, आता निवृत्त होऊन आळीतल्या घरी राहत होते. भारदस्त माणूस, बोलणं मोजकं. बायकामुलांची, म्हाताऱ्या आईची, सगळ्यांची नावं बोटीवर लागली होती. डेव्हिडचंसुद्धा.

मला काही सुचेना. डेव्हिडला जायचं नाही, हे मला दिसत होतं. असा माणूस आपलं गाव, आपलं गॅरेज, आपला दोस्त सोडून जाईल का? तो काही बोलत नव्हता, पण तो कधीच काही बोलत नसे. म्हणून त्याच्या वतीनं मीच दादांकडे गेलो आणि तासभर बोललो. दादांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही म्हणता डेव्हिडच्या हातात कला आहे," ते म्हणाले. "मला त्यातलं कळत नाही. पण इंजिनानं तुम्ही कबूल केलेली ताकद दिली, तर मी त्याला निर्धास्त मागे ठेवीन. नाही दिली, तर तो माझ्याबरोबर बोटीत बसेल."

झालं. आता सगळं त्या ऐंशी हॉर्सपॉवरवर आलं.

पण ताकद मोजायची कशी? मुंबईत एका कॉलेजात डायनामोमीटर होता म्हणे, पण आम्हाला तिथे कोण उभं करणार? मग डेव्हिडनंच जुगाड काढलं. आपल्याकडे गाड्यांची चाकं करणारे सुतार, त्यांच्याकडून बाभळीचे दोन ठोकळे करून आणले. इंजिनाच्या फिरत्या चाकाला ते दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे आवळायचे. ठोकळ्यांना एक लांब लाकडी दांडा. इंजिन फिरायला लागलं की ठोकळ्यांनाही ओढून फिरवू बघतं, मग दांड्याचं टोक खाली दाबलं जातं. ते टोक वजनकाट्यावर टेकवायचं. जितका जास्त दाब, तितकी जास्त ताकद. ठोकळे जळू नयेत म्हणून वरून पाणी ओतत राहायचं. इतकं सोपं.

काटा होता उस्मानशेठच्या भाताच्या गिरणीत. पोती तोलायचा मोठा काटा, जमिनीत बसवलेला, बाजूला आकड्यांची दांडी आणि तिच्यावर सरकतं वजन; भार वाढला की दांडी वर जायची. त्याचा लोखंडी पत्रा फरशीच्या पातळीत, म्हणजे हमालाला पोतं उचलून वर चढवायला नको. काटा हलवता येत नव्हता, म्हणून इंजिनच गिरणीत नेलं.

परीक्षेच्या दिवशी दादा कोट घालून आले. वजन स्वतःच्या डोळ्यांनी बघणार, म्हणाले. जन्मभर हिशेब तपासलेला माणूस. आता एवढा वडीलधारा माणूस उभा राहील, हे आपल्याला शोभतं का? मी उस्मानशेठच्या गादीजवळची जड खुर्ची स्वतः उचलून आणली. खाली तूस पडलं होतं, म्हणून दोन रिकामी पोती अंथरली आणि त्यावर खुर्ची ठेवली. अगदी काट्याच्या दांडीला लागून, म्हणजे त्यांना आकडा नीट दिसावा. उस्मानशेठ म्हणाले, "तशरीफ ठेवा दादा, हा मान तुमचाच." दादा बसले.

इंजिन सुरू झालं. काय तो आवाज. गिरणीचे पत्रे थरथरू लागले, बाभळीचा धूर निघायला लागला, उस्मानशेठ बादलीनं पाणी ओततायत. डेव्हिड काट्याच्या दांडीशी उभा राहून वजन सरकवतोय. आणि मी, गॅरेजचा जाणकार, कार्बुरेटरचा, म्हणजे पेट्रोल कमीजास्त करायचा, स्क्रू हातात धरून. एकमेकांचं बोलणं ऐकू यायची सोय नव्हती, म्हणून खुणा ठरल्या होत्या. ताकद वाढली की डेव्हिडनं अंगठा वर करायचा, घटली की खाली.

मी स्क्रू थोडा आत फिरवला. इंजिनाचा आवाज कडक झाला, डरकाळीसारखा. डेव्हिडचा अंगठा खाली. मला नवल वाटलं. मी उलटा फिरवला, आवाज मवाळ झाला, जरा भरभरल्यासारखा. डेव्हिडचा अंगठा वर. पुन्हा आत, पुन्हा खाली. पुन्हा बाहेर, पुन्हा वर. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून दादांकडेही बघत होतो, कारण खरा निकाल तिथे लागायचा होता. आवाज कडक झाला की ते दचकून पुढे झुकायचे. मवाळ झाला की मागे रेलून बसायचे, पोटावर हात ठेवून. मी मनात म्हटलं, बघा, दादांनासुद्धा हळूहळू यातलं कळायला लागलं.

मी तो स्क्रू बाहेर काढत काढत अशा ठिकाणी आणला की इंजिन दमेकऱ्यासारखं धापा टाकू लागलं. दादा आरामात रेलले. आणि काटा चढत गेला. इंजिन बंद करून डेव्हिडनं कागदावर वजन, दांड्याची लांबी आणि इंजिनाचे फेरे यांचा गुणाकार केला, दोनदा केला, आणि कागद माझ्या हातात दिला. एकशे दहा हॉर्सपॉवर!

संध्याकाळपर्यंत अख्ख्या पनवेलला कळलं. कुणी सांगितलं, हे विचारू नका. दादांनी शब्द पाळला, मुंबईला जाऊन डेव्हिडचं नाव बोटीच्या यादीतून काढून आले. आणि घरी मलिदा केला. त्यांच्यात मनातलं काही पार पडलं की एलिया नबीच्या नावानं मलिदा करतात, गोड पोहे, खोबरं, फळं, आणि प्रार्थना. एका इंजिनासाठी मलिदा झाल्याचं आळीत कुणी ऐकलं नव्हतं. मी दोनदा मागून घेतला. डेव्हिडच्या ताटलीतलं तसंच होतं. मला वाटलं, आनंदानंच पोट भरलं असेल.

मग शेठ आले. इंजिन त्यांच्या मोटारीत बसवलं. शेठ स्टिअरिंगवर, शेजारी मी, मागे दादा आणि डेव्हिड. पळस्प्याच्या नाक्यापर्यंत कशीबशी गेली. पुढे जरासा चढ लागला, आणि गाडीनं दोन आचके दिले, एक काळा ढग सोडला आणि थांबली. मागून एक बैलगाडी आली. गाडीवान उतरला, मोटारीभोवती एक चक्कर मारली आणि मला म्हणाला, "बैल जोडू का? आपल्या आपन नाय चढनार ती."

बैल जोडले. एकशे दहा हॉर्सपॉवरची गाडी दोन बैलांनी पनवेलात ओढून आणली, तीही बाजारपेठेतून, कारण दुसरा रस्ता नव्हता. शेठ गाडीत बसलेच नाहीत. त्यांनी नाक्यावरून मुंबईची एसटी धरली आणि जाताना सांगितलं, इंजिन तुम्हालाच ठेवा, मी दुसरं बघतो.

दादा मोटारीमागून घरापर्यंत चालत आले. तेच जास्त लागलं. मी म्हटलं, पुन्हा मोजू, इंजिनात काहीतरी बिघडलंय. इंजिन उतरवून पुन्हा गिरणीत नेलं. सकाळी आम्ही दोघंच होतो आणि उस्मानशेठ. हिशेब सत्तर हॉर्सपॉवरच्याही वर जाईना. शेवटी डेव्हिड पहिल्यांदाच म्हणाला, "दिनू, आकडा सोड. कानानं लाव." मी स्क्रू आत घेतला, आवाज कडक झाला, आणि काटा चढला. डेव्हिडनं गुणाकार केला. चौऱ्याऐंशी. कबूल केले त्याहून चार जास्तच!

मी धावत दादांना बोलावून आणलं. उस्मानशेठनं आठवणीनं तीच खुर्ची त्याच पोत्यांवर मांडली. इंजिन सुरू केलं, दादा बसले, आणि मी स्क्रूला हातही लावला नसताना डेव्हिडचा अंगठा वर, अजून वर. हिशेबानं शंभर हॉर्सपॉवरच्या पुढे! मी दोन्ही हात वर करून मागे सरकलो. काय चाललंय बघायला दादा खुर्चीतून उठले, आणि काट्याची दांडी धाडकन खाली आपटली.

ते बसले. दांडी वर. उठले. खाली.

डेव्हिडनं इंजिन बंद केलं. वाकून पोतं बाजूला केलं. खुर्चीचा मागचा एक पाय काट्याच्या पत्र्यावर होता. दादा रेलले की त्यांचं वजन त्या पायावर, म्हणजे काट्यावर. आणि मी, शहाणा, तो कार्बुरेटर दादांच्या पाठीवर लावत होतो. दादा खूष, तर इंजिन खूष. बैल मला काय म्हणाले असतील, देव जाणे.

गिरणीत कुणी हसलं नाही. दादांनी कोटाची बटणं लावली.

"म्हणजे माझ्याशिवाय किती?" त्यांनी विचारलं.

"चौऱ्याऐंशी," डेव्हिड म्हणाला.

"ऐंशी ठरले होते. मग माझा शब्द कायम आहे. शेठ गेले तर गेले, हात तर खरे आहेत. डेव्हिड इथे राहील."

माझा जीव भांड्यात पडला. मी डेव्हिडच्या पाठीवर थाप मारली. तो हललाच नाही. चिंधीनं एकेक बोट पुसत राहिला.

"दादा," तो म्हणाला, "माझं नाव पुन्हा घाला. मला यायचंय."

मला वाटलं, लाजेनं बोलतोय. मी समजूत घालायला लागलो, की अरे झालं ते झालं, चूक माझी, तुझं इंजिन खरं निघालं.

"इंजिनाचं नाही रे," तो म्हणाला. "आईपासून लांब मला राहवणार नाही. पहिल्यापासूनच जायचं होतं. तू माझ्यासाठी इतका धडपडत होतास, सांगायला तोंड उघडेना. एकशे दहा आले तेव्हा रात्रभर झोप नाही लागली."

इतकी वर्षं एका बाकावर, एका गाडीखाली, आणि मला हे दिसलं नव्हतं.

"मग बोलायचंस ना आधी."

"तू विचारलंस कुठे?"

जे खरं होतं तेच तोंडातून गेलं. म्हटलं, "अरे, मी इंजिनाला विचारत होतो."