थोंगसाठी बोललेला नवस

थवीलदादा गेल्या वर्षी गेला. त्याच्याबद्दल मला खरं तर फारसं माहीत नाही. इतकी वर्षं शेजारी राहिलो, पण बोलायचा तो आणि मान हलवायचो मी. त्यातलंही निम्मं बोलणं त्याच्या कुत्र्याबद्दल असायचं.

कुत्र्याचं नाव थोंग. आमच्या योम नदीकाठचे बांगक्याव जातीचे कुत्रे झुपकेदार शेपटीचे आणि चावरे. थोंग दोन्ही बाबतींत नावाजलेला. लांबलांबचे लोक आपल्या माद्या त्याच्याकडे आणायचे आणि मोबदल्यात थवीलदादा पिल्लांतलं पहिलं निवडून घ्यायचा. स्वतःला मूलबाळ नाही, पण थोंगची वंशावळ अशी सांगायचा की ऐकणारा आपल्या आजोबांचं नाव विसरून जावा.

मग थोंगला कर्करोगाची गाठ झाली, माद्यांकडून कुत्र्यांना लागते ती. नुसत्या इंजेक्शनांनी भागेना, म्हणून बँकॉकला नेऊन किरणही दिले. तेव्हा थवीलदादानं पिंपळाखालच्या आजोबांच्या, म्हणजे गावच्या राखणदार देवाच्या देवळीत नवस बोलला: थोंग जगला तर टोपलीभर उकडलेली अंडी.

थोंग जगला. अंडी काही जाईनात. बायको लमाय येताजाता म्हणायची, की आजोबा मीठ घेऊन वाट बघत बसलेत. थवीलदादाचं म्हणणं, काम अर्धंच झालंय, पिल्लं कुठायत?

"पिल्लं मागितली होतीस का?" लमायनं विचारलं.

"मागायला कशाला हवीत? त्यांना कळत नाही?"

"माझ्या म्हाताऱ्याला सांगितल्याशिवाय काही कळत नाही. आजोबा तर लाकडाचे आहेत."

दुसऱ्या दिवशी तो गुपचूप जाऊन नवसात दुरुस्ती करून आला. पिल्लांसाठी डुकराचं मुंडकं, वेगळं.

तपासणीला मीही जायचो, कारण थोंगचं तोंड धरायला कुणीतरी लागायचं. डॉक्टरीणबाईंनी थवीलदादाला थोंगचं वीर्य सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. बराच वेळ बघून त्यानं निर्वाळा दिला, की सगळे झोपलेत. बाई हसल्या नाहीत. झोपायलासुद्धा कुणीतरी असावं लागतं, म्हणाल्या. त्यांनी समजावलं, की बीज तयार करणाऱ्या पेशी भराभर वाढतात, म्हणून गाठीवरचं औषध त्यांनाही मारतं. नुसतं औषध असतं तर काही महिन्यांत बहुधा सावरलं असतं. त्यात किरणांची भर पडली की ज्यांच्यातून पुढचं सगळं उगवतं त्या मूळ पेशीच मरतात. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलंय. तरी थांबून पाहू.

तो थांबला. वर्षभर थोंगला बदकाची कच्ची अंडी चारली. आजोबांच्या वाटणीची, असं लमाय म्हणायची. शेवटच्या तपासणीला मला ताप होता, तेव्हा तो लमायला घेऊन गेला.

दोन दिवसांनी कुंपणापाशी आला. थोंग मागे, माझी चप्पल चावत.

"अरे, तुझं ते मोठं पातेलं आहे का?"

"पिल्लं होणार?" मी विचारलं.

"नाही. बाई म्हणाल्या, आता उगाच येत जाऊ नका." त्यानं थोंगच्या तोंडातून चप्पल सोडवली. "पण जगलाय ना. मागितलं तर तेवढंच होतं."

"पातेल्याला झाकण नाहीये, दादा."

"चालेल. अंडी कुठं पळून जातायत."