हिशेब खात्यातलं घर

भावाच्या घरी तिला कुणी कधी वाईट वागवलं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. घर दोन खोल्यांचं. भाऊ, वहिनी, भाची आणि ही. भांडी आवरून, ओटा पुसून झाला की स्वयंपाकघरात हिची गादी पडायची, आणि सकाळी वहिनीला चहा ठेवायचा असायचा म्हणून सगळ्यांच्या आधी उचलली जायची. वहिनी तिला कधी टाकून बोलली नाही. फार वैतागली तर भांड्यांशी बोलायची. पण अशा घरात माणसाला धड आजारी पडता येत नाही, पोटभर रडता येत नाही, आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी उगाच लोळत पडता येत नाही.

नोकरी एका मोठ्या कंपनीत, टेलिफोन ऑपरेटरची. पुढे फोन जोडायचा बोर्ड गेला, टेबलाटेबलावर थेट फोन आले, हिला दाराशी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या स्वागताला बसवलं, तरी नाव कायम राहिलं ते ऑपरेटरबाई. आवाज असा, की तावातावाने भांडायला फोन केलेला माणूससुद्धा हिचं "एक मिनिट हं, जोडून देते" ऐकून अर्धा थंड व्हायचा. त्या इमारतीत तिने उभ्या आयुष्यात आवाज चढवला नव्हता.

मग कंपनीने गाशा गुंडाळला आणि गावाबाहेर नवी जागा घेतली. बाकीच्या मजल्यांवरची ऑफिसंही एकेक करून गेली. बाई निवृत्त झाल्या. इमारत नुसती उभी. काचांवर धूळ, खाली कुलूप, आत कबुतरं. बस त्या रस्त्याने जायची तेव्हा बाई दुसऱ्या बाजूला बघायच्या.

इकडे भाचीचं लग्न ठरलं. तिने आणि होणाऱ्या जावयाने घरासाठी चपला झिजवल्या. शहरात माणसांना घरं नाहीत आणि ऑफिसांना माणसं नाहीत, अशी गत झाली होती. शेवटी नगरपालिकेला जाग आली. रिकाम्या ऑफिसांची घरं करायची आणि सोडत काढून द्यायची, असं ठरलं. भाचीने स्वतःच्या नावाने अर्ज केला, आणि जाता जाता आत्याच्या नावानेही एक टाकला. तिला काही लागलं नाही. आत्याला लागलं. त्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर.

"तिथे? मी?" बाई खुर्चीतून उठल्याच. "जन्मभर कामावरून घरी कधी जाते असं व्हायचं. आता घर म्हणून कामावर जाऊ?"

भाऊ हसता हसता खोकायला लागला. वहिनी हसली नाही.

"नको वाटत असेल तर राहू द्या, वन्सं," ती म्हणाली. "तुमची गादी काही आम्हाला जड झालेली नाही."

ती मनापासूनच बोलली होती. पण भाची जमिनीकडे बघत होती. लग्नानंतर जावई याच घरात येणार, आणि गाद्या पसरायला जमीन तेवढीच राहणार, हे न बोलताही सगळ्यांना कळत होतं.

"बघून तर येते," बाई म्हणाल्या.

घर दाखवायला एक इंजिनियर मुलगी होती. बोलकी, डोक्यावर पिवळं हेल्मेट. चालता चालता ती आपलं दुःख सांगत होती. "ऑफिसाचं घर करणं म्हणजे बैलगाडीचा पलंग करण्यासारखं आहे, मावशी. इमारत ही एवढी खोल, आणि उजेड फक्त काचेपाशी. म्हणून निजायची-बसायची जागा पुढे घेतली, न्हाणी आणि ओटा मागे. पूर्वी मजल्यावरच्या सगळ्यांचे संडास लिफ्टजवळ एका जागी होते. आता घराघरात पाणी न्यायचं म्हणून सगळी जमीन फोडावी लागली. आणि या खिडक्या! उघडायच्याच नव्हत्या कधी. कापून झडपा बसवल्या. फक्त हा खांब काढता येत नाही बरं का, सगळा भार याच्यावर आहे."

खोलीच्या ऐन मध्यावर चौकोनी, जाडजूड खांब. नवा रंग लावला होता, तरी बाईंनी ओळखला. इथे हिशेब खातं होतं. या खांबासमोर हेडसाहेबांचं टेबल. काही मागायला आलेल्या माणसाने खांबाशी उभं राहायचं आणि साहेब मान वर करतील तोवर थांबायचं. आई दवाखान्यात होती तेव्हा बाई इथेच रजा मागायला उभ्या राहिल्या होत्या. साहेबांनी मान वर केलीच नव्हती. "महिनाअखेर होऊ दे," एवढंच म्हणाले होते. आई महिनाअखेरीपर्यंत थांबली नाही.

"दुसरं एखादं नाही का मिळणार?" बाईंनी विचारलं.

"बदलून नाही देत हो, मावशी. घेता की सोडता, एवढंच."

बाईंनी घेतलं. भाचीने पलंग आणला, भावाने पडद्यांच्या दांड्या ठोकल्या, वहिनीने डबे भरून दिले. सगळे गेल्यावर बाईंनी दार लावलं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं दार लावलं. आणि खुर्चीच्या कडेवर बसून राहिल्या, कुणीतरी आत बोलवायची वाट बघत बसावं तशा.

ते घर काही केल्या अंगाला लागेना. कांदा परतायला घेतला की वाटे, आता कुणीतरी येऊन विचारणार, ऑफिसात हा कसला वास? दुपारी आडवं व्हायची हिंमत होईना. आणि संध्याकाळ झाली, ऑफिस सुटायची वेळ झाली की पाय आपोआप चपलांत जायचे. पर्स घेऊन बाई खाली उतरायच्या, कोपऱ्यापर्यंत जायच्या, मग आठवायचं की जायचं कुठेच नाही.

एकदा अशाच लिफ्टमध्ये शिरल्या, तर आत एक म्हातारे गृहस्थ. हातात रिकामी पिशवी, दाढी गुळगुळीत.

"अरे, ऑपरेटरबाई!" ते म्हणाले. "सुटलात वाटतं?"

हेडसाहेब! मुलाच्या संसारात जागा पुरेना, म्हणून त्यांनाही इथेच, पाचव्या मजल्यावर, एक खोली मिळाली होती. तेही रोज याच वेळी निघायचे आणि कोपऱ्यावरून परत फिरायचे. हे सांगताना ते एवढे लाजले की बाईंना हसू आवरेना. हसण्याच्या भरात तोंडून निघून गेलं, "उद्या चहाला या. तुमच्याच खात्यात राहते मी."

ते आले. दारातून थेट खांबापाशी गेले आणि त्यावर थाप मारून म्हणाले, "वा! इथेच होतं बघा माझं टेबल. काय दिवस होते! सगळे कसे एका कुटुंबासारखे."

बाईंनी कपबशी ओट्यावर ठेवली.

"कुटुंबासारखे?" त्या म्हणाल्या. "माझी आई दवाखान्यात होती. या खांबाशी उभी राहून मी रजा मागितली तुम्हाला."

हेडसाहेब आठवू लागले. कपाळाला आठ्या घातल्या, वर पाहिलं. "असं? नाही हो, आठवत नाही."

आणि बाईंचा बांध फुटला. तो आवाज त्यांनाही अनोळखी होता. मान वर करून बघितलंसुद्धा नाहीत, आई माझं नाव घेत गेली, मी इथे एक मिनिट हं, एक मिनिट हं करत बसले होते, आणि तुम्हाला आठवत नाही? शेजारची दारं उघडली. समोरची बाळंतीण पोराला खांद्यावर घेऊन दारात आली. "मावशी, काय झालं? जरा हळू..."

"हळू का?" बाई गरजल्या. "माझं घर आहे! माझ्या घरात मी वाटेल तेवढं ओरडेन!"

हेडसाहेब चहा न घेता निघून गेले. बाईंनी दार आपटलं, पलंगावर पडल्या, पोटभर रडल्या, आणि भर दुपारी गाढ झोपल्या. जाग आली तेव्हा बाहेर अंधार पडला होता. चपला दाराशी तशाच पडून होत्या. उठून त्यांनी कांदा चांगला खरपूस परतला, अंडी फोडून घातली, आणि पलंगावरच मांडी घालून जेवल्या.

चार-पाच दिवसांनी बेल वाजली. दारात हेडसाहेब.

"आत येऊ का?"

बाई बाजूला झाल्या नाहीत. "बोला."

"रोज आठवून बघतोय," ते म्हणाले. "खोटं कशाला सांगू, अजूनही आठवत नाही. पण म्हणालो असेन. मी सगळ्यांनाच नाही म्हणायचो, बाई. नाही म्हणायलाच बसवलं होतं मला तिथे. चुकलंच माझं."

ते खाली मान घालून उभे होते. बाईंना त्यांचा राग आला, कीव आली, आणि पुन्हा राग आला. तिन्ही एकदम आली तर माणसाने करायचं तरी काय?

"त्या दिवशीचा चहा वाया गेला," शेवटी त्या म्हणाल्या. "आज केला तर प्याल का नीट?"

माफ केलं का, असं पुढे भाचीने एकदा विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "ते माझं मला ठाऊक नाही. पण बाजारात जाताना काही आणू का विचारतात, आणि मी सांगते. जड जड तेच सांगते."

भाचीचं लग्न झालं, जावई घरी आला. मग एका शनिवारी वहिनी एकटीच हातात लहानशी बॅग घेऊन आली. घरात नवीन जोडपं, आपण आपलं दोन दिवस बाजूला व्हावं, असं तिला वाटलं होतं. बाईंनी तिला पलंग दिला. वहिनी दुपारी झोपली ती दिवेलागणीला उठली. इतकी वर्षं एका घरात राहून बाईंनी तिला दिवसा झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"वन्सं, तुमच्याकडे झोप फार छान लागते हो," डोळे चोळत ती म्हणाली.

दोन दिवसांचे चार झाले. वहिनीने डब्यांच्या जागा बदलल्या, ओटा आपल्या पद्धतीने पुसायला सुरुवात केली, आणि एका सकाळी पातेल्याशी काहीतरी बोलतानाही सापडली. बाईंना तिचा लळा लागला होता, आणि ती कधी एकदा जाते असंही झालं होतं. पाचव्या दिवशी भाऊ न्यायला आला. बाई लिफ्टपर्यंत सोडायला गेल्या, वहिनीला जवळ घेतलं, पुढच्या महिन्यात नक्की ये म्हणाल्या, मनापासून म्हणाल्या. मग परत येऊन सगळे डबे पुन्हा आपल्या जागी लावत बसल्या.