काचेआडचा भाऊ

आमच्या बारावर पाटी आहे, पण पाटीवरचं नाव कुणी घेत नाही. चौलात कुणालाही विचारा, आरशाचा बार कुठे, तर शेंबडं पोरही बोट दाखवेल. मी केसर, पालीची, बल्लाळेश्वराच्या गावची. माझं इथे ठरलं तेव्हा आमच्या आईने कपाळाला हात लावला होता, पोरगी दारूच्या दुकानात पडली म्हणून. मीही नाक मुरडतच आले. आत पाऊल टाकलं आणि नाक मुरडायचं राहून गेलं.

बाहेरून साधं कौलारू घर, मागे नारळी-सुपारीची वाडी. आत मात्र विलायत. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काळंभोर लाकडी काउंटर, त्यावर कोरलेल्या द्राक्षांच्या वेली, पाय टेकायला पितळी नळी, खाली निळ्या-तांबड्या फरशा. काउंटरमागे आढ्याला टेकलेला आरसा. त्याचा पारा जागोजागी उडालाय, त्यामुळे त्यात बघणारा माणूस धुक्यात उभा असल्यासारखा दिसतो. दुपारी मागच्या रंगीत तावदानांतून हिरवं-लाल ऊन येतं आणि हळूहळू सरकत माडीच्या ग्लासांत उतरतं. लांबून समुद्राची गाज येत असते. आपण जागे आहोत की डुलकी लागलीय, तेच कळत नाही. त्या वेळी मला आजही काम सुचत नाही.

हे सगळं आणलं माझ्या सासऱ्यांच्या आजोबांनी. मुंबईत कोटातल्या एका गोऱ्यांच्या पबमध्ये ते काउंटरमागे कामाला होते. पब मोडायला निघाला, तेव्हा विलायतेला परतणारा साहेब म्हणाला, आठवण म्हणून काय हवं ते घेऊन जा. दुसऱ्या कुणी घड्याळ नेलं असतं. आमच्या म्हाताऱ्याने अख्खा पबच सुटा करून मचव्यात घातला, रेवसला उतरवला आणि बैलगाड्यांनी घरी आणला. माड चढून माडी काढणाऱ्या भंडाऱ्याचं डोकं, दुसरं काय!

त्यातली सगळ्यात नवलाची गोष्ट म्हणजे काचखिडक्या. काउंटरच्या एका टोकाला लाकडी पडद्यांचे कप्पे आहेत. प्रत्येक कप्प्यात बाक, आणि बसणाऱ्याच्या तोंडासमोर खिळीवर फिरणारी छोटी खिडकी. काचेवर नक्षी अशी दाट, की पलीकडचं तोंड दिसू नये. खाली ग्लास सरकवण्यापुरती फट. गोऱ्या साहेबांना म्हणे वाढणाऱ्या नोकराने आपलं तोंड बघितलेलं खपायचं नाही. चौलात त्या खिडक्या भजनीबुवांच्या आणि मास्तरांच्या उपयोगी पडल्या. मागच्या गल्लीतून थेट कप्प्यात शिरायचं, हात पुढे करायचा, बोलायचं नाही. खिडकी आतून उघडायची नाही, हा आमच्या घरचा नेम. माझ्या सासूबाई गोदू, मी त्यांना आईच म्हणते, त्या खिडक्यांमागे उभं आयुष्य बसल्या. गावातले निम्मे पुरुष त्या तोंडाने नाही, हाताने ओळखतात.

शेवटच्या कप्प्यातला हात मोरूमामांचा. मोरूमामा आईंचे सख्खे थोरले भाऊ. तरुणपणी माडावर चढून माडी काढायचे. आईंचं लग्न त्यांनी आपल्या जिवलग दोस्ताशी ठरवलं होतं, आणि आईंनी ऐन वेळी आरशाच्या बारातल्या पोराशी लग्न केलं. झालं! मामांनी घरच्या माडाला हात लावून शपथ घेतली, गोदूचा उंबरा चढणार नाही, तिचं तोंड बघणार नाही. भंडाऱ्याने माडाची शपथ घेतली की संपलं. पण माया कुठे शपथ ऐकते? सासरे गेले त्या वर्षापासून मामा रोज चारच्या सुमाराला शेवटच्या कप्प्यात येऊन बसू लागले. मागच्या दाराला उंबरा नाही आणि काचेतून तोंड दिसत नाही. शपथ शाबूत आणि बहीण समोर, अशी ही लबाडी सगळ्या चौलला ठाऊक होती. फक्त त्या दोघांनी कधी कबूल केली नाही.

भाऊबीजेला तर बघत राहावं. आई फटीतून आलेल्या हाताभोवती निरांजन फिरवायच्या, कपाळ नाही म्हणून मनगटावर कुंकू लावायच्या. हात आत जायचा आणि खणाची घडी बाहेर सरकायची. शब्द नाही. मग आई दिवसभर उगाच काउंटरला खोबरेल चोळत बसायच्या, आणि त्या लाकडाला पोटच्या पोरासारखा हात लावायच्या.

अलीकडे मुंबईची माणसं फेरीबोटीने येऊ लागली, आरशासमोर फोटो काढू लागली. माझा नवरा विपुल म्हणाला, पडदे-खिडक्या काढू, जागा मोकळी होईल, बायाबापड्याही येऊन बसतील. मलाही पटलं. आईंना मात्र घास गिळवेना. त्या रात्री जेवताना एवढंच म्हणाल्या की खिडकी गेली की दादा यायचा न्हाय, आणि मी काय त्याच्या दारात जायची न्हाय, तो दार लावून घेईल. विपुल म्हणाला, मग बोला ना सरळ एकदा. शेवटी ठरलं, भाऊबीज होऊ दे, मग काढू. ही शेवटची भाऊबीज, असं धरूनच आईंनी या वेळी करंज्या जास्त केल्या.

पण धनेश सुतार! त्याला खिडक्या काढायला संध्याकाळी बोलावलं होतं. त्याची बहीण पालीला. दुपारी तिच्याकडे ओवाळून घ्यायला जायचं, म्हणून गडी भाऊबीजेच्या सकाळीच आला. विपुल माझ्या नणंदेला, प्राप्तीला, आणायला रेवसच्या धक्क्यावर गेलेला, आई देवळात, मी चुलीपाशी. मी बाहेर येऊन बघते तो खिडक्या ओळीने भिंतीला टेकवलेल्या आणि धनेश पालीला जायच्या घाईत पसार. आई आल्या, बघितलं आणि स्टुलावर मटकन बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. खिडक्या परत बसवायच्या तर धनेशशिवाय कुणाला जमणार?

चार वाजले. रंगीत ऊन शेवटच्या कप्प्यापर्यंत पोचलं आणि गल्लीकडचं दार करकरलं. मामा आत आले, एक हात पडद्यावरून चाचपत. बाकावर बसले, नेहमीसारखा हात पुढे केला. आणि काही झालंच नाही. ना ते दचकले, ना उठले. आईंसमोर, हाताच्या अंतरावर, इतक्या वर्षांनी भावाचं उघडं तोंड होतं. पांढरी दाढी, आत गेलेले गाल. आणि दोन्ही डोळ्यांत दुधासारखा मोतीबिंदू.

आम्हा कुणालाच पत्ता नव्हता. भिंत धरून चालतात, तर आम्ही म्हणायचो गुडघे गेले. वर्षभर ग्लास सांडत होते, तर आई पुटपुटायच्या, म्हातारा कुठून तरी आधीच पिऊन येतो. हाताची रेघ न् रेघ ओळखणाऱ्या बाईला डोळे गेल्याचं कळलं नव्हतं. ती काचच तशी होती. आईंच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण त्यांनी मला हाताने गप्प राहा म्हणून खुणावलं आणि निरांजन उचललं.

या वेळी त्यांनी ते हाताभोवती फिरवलं नाही, तोंडाभोवती फिरवलं. ऊब गालाला लागली तसे मामा थांबले. हात पुढे करून ते काच चाचपायला गेले. तिथे नुसती हवा होती. मी म्हटलं, आता उठतात. मामा उठले नाहीत.

"खिडकी काढलीस व्हय?" मामा म्हणाले.

"पोरांनी काढली." आई म्हणाल्या. "दादा, तुझी शपथ मोडली रं."

मामा हसल्यासारखं करून म्हणाले, "कुठं मोडली? तोंड बघणार न्हाय म्हटलं व्हतं. बघतोय कुठं?"

आईंनी अंगठ्याने त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. कपाळाला, लग्नानंतर पहिल्यांदा. मामांनी खिशातून खणाची घडी काढली, पण आईंनी ती घेतली नाही, त्यांचं मनगटच धरलं.

"खण नको. ओवाळणी मी मागीन ती दे. उद्या विपुलसंगं चल, डोळ्यांचं आपरेशन करून घे."

"मंग तुझं तोंड दिसंल गो."

"दिसू दे. तीच ओवाळणी."

मामांनी मनगट सोडवून घेतलं नाही. ऊन कप्प्यातून निघून आरशावर चढलं, तरी ते तसेच बसून होते. मग सावकाश दुसरा हात उचलून त्यांनी आईंच्या तोंडावरून फिरवला, कपाळ, डोळे, हनुवटी.

"म्हातारी झालीस," ते म्हणाले. "बरं, येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी विपुल गाडी घेऊन त्यांच्या दारात गेला, तेव्हा मामा धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसलेले होते.