घोंगडीखालचा निखारा

जतच्या माळावर विहिरी खणणाऱ्या सिद्धूचं नाव निघालं, की आधी त्याच्या घोंगडीची गोष्ट निघायची. मूळचा मेंढपाळ, पुढं विहीर खणणाऱ्या टोळीचा म्होरक्या झाला. आत उतरणाऱ्या प्रत्येक गड्याला तो घोंगडीखाली घ्यायचा, आपलंही डोकं आत घालायचा आणि विडीच्या निखाऱ्यावर त्याच्या डोळ्यातली बाहुली बघायचा. वाऱ्यात घोंगडीखाली गड्यांच्या विड्या पेटवताना त्याला ही खूण सापडली होती. ताज्या गड्याची बाहुली अंधारात मोठी होते नि तशीच राहते; दमलेल्याची बारीक होते, लहानमोठी होत राहते. ती हलली की गडी वर, बायकांबरोबर मातीच्या पाट्या ओढायला. कोणी तोंडानं काही सांगू लागला, तर सिद्धू ऐकून घेत नसे.

"तोंड खोटं बोलतंय, बाहुली न्हाई," म्हणायचा.

सहा वर्षांत त्याच्या विहिरीत एकाचंही बोट चेचलं नव्हतं. एवढ्यानं माणूस जरा चढतोच.

त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात त्याचा धाकटा भाऊ अर्जुना सलग तीन दिवस वर राहिला. पाट्या ओढून शीण कुठला जातो! त्यात त्याची नवी बायको बनाबाई शेजारीच माती उपसत होती. गडी कशाला सोडतात?

"अर्जुनाला बांगड्या भरा रं!" एकजण ओरडला.

बनाबाईनं मान खाली घातली. अर्जुनाला ते फार लागलं.

चौथ्या दिवशी घोंगडीखाली अर्जुनाची बाहुली चांगली टपोरी होती, जागची हलेना. सिद्धूचा जीव भांड्यात पडला.

"आज झकास हाय गड्या. जा, पाणी तूच काढ," म्हणत त्यानं भावाची पाठ थोपटली.

भर उन्हात अर्जुना कातळातल्या खोबणीत पाय टाकत उतरू लागला. चौथ्या खोबणीशी तो हातानं कातळ चाचपायला लागला, आणि बघता बघता खाली कोसळला.

वर आणला तेव्हा धुगधुगी होती. ऊन सरळ तोंडावर, तरी बाहुल्या तशाच टपोऱ्या. धोतरा खाल्लेल्या मेंढ्यांचे असेच टपोरे डोळे सिद्धूनं लहानपणापासून बघितले होते.

"धोतऱ्याचा रस घातलास व्हय रं डोळ्यांत?"

"व्हय दादा. खोबणीच दिसंना बघ."

"आरं, मला सांगायचं न्हाई? म्हनायचं, दादा, मला खाली जाऊ दे!"

"तू कवा कुनाचं ऐकतूस?"

अर्जुना हे रागानं बोलला नाही, त्यामुळं ते सिद्धूच्या काळजात जास्तच घुसलं. शेकडो डोळ्यांपुढं निखारा धरून बघितलं त्यानं, पण विचारलं कुणालाच नव्हतं. पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या भावालासुद्धा नाही. त्यानं अर्जुनाचं डोकं मांडीवर घेतलं, घोंगडीनं त्याच्या तोंडावर सावली केली. मग विचारलं.

"दमलास का रं, अर्जुना?"

"लय," अर्जुना म्हणाला, आणि पुन्हा काही बोलला नाही.