आत जाणारी डोलकाठी

"तारेला विचारा, मला काय विचारता?"

होडी तयार झाली का, असं कुणी विचारलं की तारदादा हेच म्हणायचा. मग डोलकाठीला दोन्ही बाजूंनी उभी धरणाऱ्या तारांपैकी एकीवर टिचकी मारायचा, मान तिरकी करून ऐकायचा आणि पान्याने पेच जरासा फिरवायचा. शर्यतीच्या होड्यांच्या तारा लावण्यात त्याचं आयुष्य गेलं. लग्नाचं विचारलं तर म्हणायचा, "मी बायकोलाही टिचकी मारून बघेन. कोण टिकेल?"

हे ऐकून धाकट्या भावाच्या बायकोला हसू फुटायचं. ती नवऱ्याबरोबर शर्यतीत उतरायची. होडी दोघांचीच, सुकाणू त्याच्या हाती, पुढच्या शिडाची दोरी तिच्या.

या मोसमात मात्र तिचं हसणं कमी झालं होतं. दादाने संध्याकाळी ताणलेली तार सकाळी सैल पडलेली असायची. "नवी आहे, बसतेय अजून," दोघे भाऊ म्हणायचे आणि पुन्हा आवळायचे. धाकट्याला तारा ताठच लागायच्या. तारा ताठ असल्या की होडी वाऱ्याच्या अगदी तोंडाजवळून धावायची, आणि तो जिंकायचा.

शेवटच्या शर्यतीच्या सकाळी पाणी शिशासारखं जड दिसत होतं. वारा अजून दूर होता, पण क्षितिजावर त्याची काळी रेघ उमटली होती. दादाने तारेवर टिचकी मारली. ओल्या दोरीला बोट लागावं तसा मेलेला आवाज आला. त्याने पाना उचलला आणि तसाच थांबला. मग होडीत गुडघे टेकले, डोलकाठीचा पाय तळाच्या लाकडात जिथे बसतो तिथलं पाणी फडक्याने टिपलं आणि पेचकसाचं टोक तिथे टेकवलं. जोर लावावाच लागला नाही. पेचकस मुठीपर्यंत आत गेला.

"तार सैल होत नाहीये," तो हळू म्हणाला. "लाकूड कुजलंय. आपण आवळतोय आणि डोलकाठी तळात घुसतेय."

होडीत नवऱ्याशेजारी उभ्या असलेल्या तिला पायाखालची फळी एकदम कागदासारखी वाटली.

"शर्यतीनंतर बघू, दादा," धाकटा म्हणाला. "आज एक पीळ दे."

"भर वाऱ्यात तळ फोडून जाईल ती. नाही देणार."

"म्हातारा झालास."

"झालो. तूही हो की, कोण नको म्हणतंय?" दादा तिच्याकडे वळला. "पोरी, उतर खाली."

"मी उतरले तर हे दुसऱ्या कुणाला बसवतील, दादा. ओळखता ना ह्यांना?"

दादाने पाना होडीच्या काठावर ठेवला आणि धक्क्यावर चढला. घराची वाट डावीकडे होती. तो उजवीकडे, शर्यतीच्या पंचांच्या खोलीकडे निघाला.

"तिकडे गेलास तर माझ्या दारात पाय ठेवू नकोस!" धाकटा ओरडला.

दादाची चाल बदलली नाही. धाकट्याने पाना उचलला, पेच फिरवला. तार किंचाळली आणि तळातून, लाकूड काहीतरी गिळत असावं तसा, आवाज आला.

"सोड दोरी," नवरा म्हणाला. "लवकर!"

धक्क्याच्या खुंट्याला नुसता वळसा घातलेल्या दोरीचं टोक तिच्या मुठीत होतं. ती दादाच्या पाठीकडे बघत राहिली. तो खोलीच्या पायऱ्या चढू लागला, तरी तिने मूठ उघडली नाही.